सुपडाअक्काची आंघोळ

सुपडाबाई हे नाव ऐकून ज्याला हसू येतं तो खान्देशातला नव्हे, असं खुशाल समजावं. आमच्याकडे ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरात पुढचं मूल झालं की त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवतात. कोणी तरी शेजारीण ते सूप उचलून परत घरात आणते. म्हणजे हे पोर या घरचं नव्हेच, बाहेरून आलेलं आहे, असं मरणाला वाटावं. मुलगा असला तर तो सुपडू होतो, मुलगी असली तर सुपडाबाई.

आमच्या गल्लीतली सुपडाअक्का अशीच सुपातून घरात आलेली. ती सांगायची, "मन्ही मायनी मरनले फसाडं. पन मरन काय येडं शे? त्यानी मन्हं तोंड देखी ठेयेल शे, बाई." आणि मोठ्यानं हसायची. मला मात्र ते ऐकून हसू येत नसे. मी जन्माची भित्री. अंधार, कुत्रं, विजेचं बटण, आजाराचं नुसतं नाव, कशानंही माझे हातपाय गार पडतात. अशा बाईला धुळ्यात नेमकी सुपडाअक्काच्या शेजारची खोली मिळावी, यालाच नशीब म्हणतात.

नव्वद सालाच्या पुढची ती वर्षं. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपात कारकून. पगार बेताचा, म्हणून आग्रा रोडच्या पाठीमागे, ट्रकच्या गॅरेजांना लागून असलेल्या गल्लीत आम्ही बिऱ्हाड मांडलं. पत्र्याची घरं, मधून उघडं गटार, ऑइलचा वास आणि सगळ्यांत मिळून एक नळ. त्याला पाणी कधी येईल ते पाण्यालाच ठाऊक. गल्लीतले निम्मेअधिक पुरुष गाडीवर, म्हणजे ट्रकवर. कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर. मुंबईकडे नाहीतर इंदूरकडे गेले की पंधरा-पंधरा दिवस दिसत नसत. आले की घरोघरी शेवभाजीचा वास सुटायचा, पोरांच्या हातात चिवड्याचे पुडे यायचे आणि बायका नव्या बांगड्या वाजवत नळावर यायच्या. मी एका ओट्यावर बालवाडी चालवायचे, म्हणून लहानथोर सगळे मला बाई म्हणायचे.

सुपडाअक्का उंच, हाडापेरानं मोठी. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला ती रागावली तर त्या टोकाचं पोर रडायचं थांबे. पोट भरायची ती मांडे करून. खापरावरचा मांडा करायला जोर लागतो आणि धीरही लागतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत झुलवत पातळ करायचा आणि उपड्या खापरावर अलगद टाकायचा. जरा घाई झाली की फाटला. अक्काचा मांडा मी कधी फाटलेला पाहिला नाही. लग्नसराईत तिला दोंडाईचा, पारोळा, पार जामनेरपर्यंत बोलावणी यायची. परत आली की चार मांडे फडक्यात बांधून माझ्याकडे द्यायची आणि वर दम भरायची, "दूधसंगे खा. साहेबले बी द्या, एकल्याच खाऊ नका."

दुसरं एक काम ती करायची, त्याचं तिला कोणी काही देत नव्हतं आणि ते तिला कोणी नेमूनही दिलं नव्हतं. गल्लीत बाईमाणूस गेलं की त्या मयताला आंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, केस विंचरायचे, ते सगळं सुपडाअक्का करायची. म्हणायची, "येवाले सुईन लागस, मंग जावाले बी कोनी तरी लागी ना?"

आम्ही राहायला आलो त्याच वर्षी घरमालकांची म्हातारी आई वारली. मी दारातच थिजून उभी. अक्का आली, पदर कमरेला खोचला, एक जुनं लुगडं आडवं धरलं आणि त्याचं एक टोक सरळ माझ्या हातात दिलं. "बाई, हाऊ पडदा धरा. आत देखू नका, वर आभायकडे देखा." मी आभाळाकडे पाहत राहिले आणि कानांनी सगळं ऐकत राहिले. ती मयताशी बोलत होती! आणि बोलणं कसलं, चक्क रागावत होती. "मूठ सोड वं माय. काय धरी ठेयेल शे एवढं? बठ्ठं आठेच ठेवनं पडस." सगळं इथेच ठेवून जायचं असतं, असं ती तिला बजावत होती. पाणी तिनं गरम करून मागितलं होतं. कोणी तरी म्हणालं, मयताला काय गरम नि काय गार. त्यावर ती म्हणाली, "मयतले नही समजत, मन्हा हातले समजस." त्या दिवशी मला ताप भरला, ही गोष्ट वेगळी.

या कामामुळे लोक तिला जरा बिचकूनच असायचे. पोरं तिच्या सावलीत पाय पडू देत नसत. गल्लीतली एक म्हातारी तर अक्का दिसली की खोकला दाबायची, न जाणो ही मनात काही धरेल. आणि ही बाई स्वतः भ्यायची कशाला, तर पालीला! मढ्यांना खडसावणारी सुपडाअक्का भिंतीवर पाल दिसली की "माय वं!" करून माझ्या खोलीत धावत यायची. पाल हाकलायला मी काठी घेऊन जायचे. मीही पालीला भिते हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण गल्लीत माझी तेवढीच काय ती पत होती.

तिचा नवरा ड्रायव्हर. मी त्याला थोडे दिवसच पाहिलं. देखणा, बोलका, आला की बायकोला 'सुपडाराणी' म्हणून हाक मारायचा. पुढे त्याला टीबी झाला म्हणाले, औषधं चालली, उतार पडेना, आणि वाळत वाळत तो गेला. त्याच्या तसबिरीला ती रोज ताजं फूल वाहायची, गॅरेजच्या कुंपणावरच्या कण्हेरीचं का होईना. त्याच्या आधी तिची दोन मुलं तान्हेपणी गेली होती. "सुपात घालीसन बी गयी," एवढंच ती त्याबद्दल बोलायची आणि विषय बदलायची.

त्याच सुमारास तो रोग गल्लीत आला. म्हणजे आधी त्याचं नाव आलं. एसटी स्टँडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं. रेडिओवर सांगायचे. बायका नाव घेत नसत, 'तो मुंबईवाला आजार' म्हणायच्या आणि म्हणताना तोंडावर पदर धरायच्या. कसा होतो यावर नळावर रोज नवी बातमी यायची. एकाच तांब्यानं प्यायलं की होतो. माणसाच्या घामानं होतो. त्याचं वारं लागलं तरी होतो. आणि या सगळ्या बायका अंगात जरा कणकण आली की नाक्यावरच्या डॉक्टरकडे रांग लावायच्या. गोळी दिली तर त्यांना तो डॉक्टरच वाटायचा नाही, सुई पाहिजे. तो पातेल्यात पाणी तापवून सुया ठेवायचा, पण गर्दी झाली की पाणी निवायचं आणि सुई चालूच राहायची. त्या सुईला कोणी भ्यालं नाही.

शोभा गल्लीच्या टोकाला राहायची. पोरसवदा विधवा, नवरा गाडीवरचाच. तिला तो रोग असल्याचं कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडलं आणि गल्ली एका दिवसात बदलली. नळ सिंधूबाईच्या दारासमोर होता, त्यामुळे नळावर तिचं राज्य. तिनं शोभाचा हंडा काठीनं बाजूला सरकवला. काठीनं! हातानं नव्हे. मग शोभाचा भाऊ बोदवडहून येऊन राहिला, तो लांबून पाणी आणायचा. एका सकाळी शोभा गेली. भाऊ ओट्यावर बसून रडत होता आणि गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. माझंही नाही. यांनी आतून कडी घातली होती आणि ती काढायला मी सांगितलं नाही.

सुपडाअक्का एका लग्नाचे मांडे उरकून दुपारी परतली. हातातली पिशवी तिनं रस्त्यातच ठेवली. पडद्याला कोणी नाही असं पाहून तिनं लुगड्याचं एक टोक विजेच्या खांबाला बांधलं, दुसरं शोभाच्या खिडकीच्या गजाला. मी फटीतून पाहत होते. आतून अक्काचा आवाज येत होता, पण त्या दिवशी ती रागावत नव्हती. "व्हयनं वं बाय, व्हयनं आते, झायं बठ्ठं," असं लहान पोराला थोपटताना म्हणतात तसं म्हणत होती. गॅरेजातले दोन-तीन जण आणि भाऊ, यांनी शोभाला पांझरा नदीवरच्या स्मशानात नेलं. मागे लोकांनी तिचं अंथरूण जाळलं आणि गल्लीभर फिनेल शिंपडलं. धूर आणि फिनेल यांचा तो वास अजूनही कुठे आला तर मी पाठ फिरवते.

दुसऱ्या दिवसापासून लोक अक्काच्या हातांकडे बघायला लागले.

पुढच्या वर्षी तिला ताप यायला लागला. येई, जाई, पुन्हा येई. तोंड आलं, भाकरी गिळवेना. मांडा करताना दंड थरथरू लागले. एवढी दणकट बाई, तिच्या पोलक्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. नळावर निकाल लागून गेला होता: शोभाच्या मयतानं हिला धरलं. सिंधूबाई तर शपथेवर सांगायची की तिनं स्वतः पाहिलं होतं, मयताचा हात अक्काच्या मनगटाला चिकटला होता.

एक दिवस अक्का मला म्हणाली, "बाई, सिव्हिलमा जानं शे. तुम्ही फक्त जोडे बसा." मी भीत भीत गेले. बाकावर तिच्या आणि माझ्या मधे पर्स ठेवून बसले. तिनं ते पाहिलं. रक्त तपासलं, पुन्हा एकदा जाणं झालं, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेऊन तिला शांतपणे सगळं सांगितलं. अक्कानं एकच विचारलं, "मी एक मयतले आंघोळ घाली व्हती. तिनाकडथून व्हयनं का?"

"नाही हो. आंघोळ घातली म्हणून हा आजार लागत नाही. तुम्हाला हे त्याच्या फार आधीपासून आहे. मालक काय करायचे?"

अक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "गाडीवर व्हता."

 या रोगाचं औषध तेव्हा गरिबाच्या हाताला लागण्याजोगं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तोंडाला लावायचं औषध दिलं, तापाच्या गोळ्या दिल्या आणि दूध, अंडी, पालेभाजी खायला सांगितलं. बाहेर आल्यावर अक्का हसली. "दूध, अंडी! ही दवाई सांगी का पाव्हनचार?" पण हसता हसता तिला भिंतीला टेकावं लागलं. घराकडे येताना ती म्हणाली, "बाई, गल्लीले वाटस मयतनी धरं. वाटू द्या. त्यान्हं नाव खराब नको. तो मरी गया, आते त्याले कसाले उकरानं?"

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. बोलायचं नसलं की भिण्याचं कारण एक कमी होतं.

ती तशी गप्पच राहिली असती, पण कमल आली. कमल म्हणजे गोधड्या शिवणारी, आमच्या रांगेतलीच. तिचाही नवरा गेलेला, तिलाही तोच रोग. सासूनं तिला मागच्या पत्र्याच्या आडोशाला ठेवलं होतं, ताट वेगळं, पेला वेगळा. मी अक्काला पेज द्यायला गेले होते, म्हणजे दारात ठेवून जाणार होते, तेवढ्यात कमल आली आणि उंबऱ्यावर बसून म्हणाली, "अक्का, मन्ही येळ उनी तर तू येशी ना वं? शोभाले घाली तशी माले बी घालशी ना?"

अक्का म्हणाली, "आधी मन्ही येळ शे. तू रांगमा ऱ्हाय." कमलला हसू आलं. बिचारी हसत हसतच गेली.

ती गेल्यावर अक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि जिला आपण कधी भिताना पाहिलेलं नसतं तिची भीती फार लागते. म्हणाली, "बाई, माले मरानं भेव नही. पन शोभाले मी व्हती. माले कोन शे? म्युन्शिपाल्टीना गडी येतीन. परका गडी. तशीच उचलतीन, चादरमा गुंडाळतीन नि नेतीन. ना आंघोळ, ना लुगडं. मी एवढ्या बायांले धाडं, कोनीले पारोशी जाऊ नही दिन्हं. आते मीच पारोशी जासू? नि मन्हा मांगे ही कमल?"

मी आपली, पेज निवेल, खाऊन घ्या, असं काहीतरी म्हणाले.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. उन्हाळा लागला होता. नळाला बऱ्याच खाड्यानं पाणी आलं, सगळी गल्ली हंडे घेऊन जमली. अक्काही काठी टेकत आली, एका हातात छोटी कळशी. सिंधूबाई ओरडली, "दूर ठेव वं ती कळशी! शोभाना मयतनी तुले दिन्हं, आते तू आमले देशी का?"

अक्कानं कळशी खाली ठेवली. श्वास घेतला. तिचा तो जुना आवाज आता राहिला नव्हता, पण नळाच्या धारेवरूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

"मयतनी माले काही दिन्हं नही, सिंधू. मेल्यावर कोनी कोनले काही देत नही. माले मन्हा धनीनी दिन्हं. जित्तेपनी दिन्हं. डॉक्टरीन सांगनी, शोभाले हात लावाना फार आधीनं शे ते. बाई बाजूले बठेल व्हती, इचारा बाईले."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.  मी नुसती मान हलवली, पण होय अशीच हलवली.

 पाणी भरून वाहत होतं, कोणी हंडा सरकवला नाही. आणि तेव्हा मला एकदम उमगलं की या बायका अक्काला भ्यालेल्या नाहीत. त्या आता ज्याला भ्याल्या ते निराळंच. मयताला टाळता येतं. हंडा काठीनं सरकवता येतो, अंथरूण जाळता येतं, दार लावून घेता येतं. पण पंधरा दिवसांनी गाडीवरून दमून आलेला, पोरांना चिवडा आणणारा, हसून हाक मारणारा नवरा, त्याला कोणत्या काठीनं सरकवणार? मयत धरतं ही गोष्ट त्यांनी इतकी घट्ट धरून ठेवली होती ती उगाच नाही. ती खोटी निघाली तर भीती सरळ घरातच येऊन बसणार होती. सिंधूबाईचा नवरा, नामदेवभाऊ, त्याच आठवड्यात इंदूरहून परतायचा होता. तिचा चेहरा मी पाहिला. चुन्यासारखा पांढरा पडला होता. ती हंडा तसाच टाकून घरात गेली.

या खरं बोलण्याची किंमत अक्कानं पुरेपूर मोजली. मांड्यांची बोलावणी बंदच झाली, तोवर आजाराच्या अफवेनंतरही एखाद-दुसरं येत होतं. दोंडाईच्याहून दीर आला आणि भावाचं नाव बुडवलं म्हणून दारात उभा राहून शिव्या देऊन गेला. तसबिरीला मात्र ती फूल वाहतच राहिली. मला राग आला. म्हटलं, "अक्का, ज्यानं हे दिलं त्याला फुलं कसली वाहता?" ती म्हणाली, "त्याले तरी कोठे माहीत व्हतं, बाई? तो बी भ्याईसनच मरना."

आणि मग एक गोष्ट सुरू झाली, तिची कल्पना मी केली नव्हती. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, एकेक बाई अक्काच्या दाराशी यायची. उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवं बसायची आणि हळूच विचारायची, "अक्का, पहिले काय व्हयनं तुले? ताप कसा येयेल व्हता? अंगवर काही उठेल व्हतं का?" अक्का सगळ्यांना सांगायची. न चिडता, पुन्हा पुन्हा. सिव्हिलला कोणत्या दारानं जायचं, डॉक्टरीणबाई कधी बसतात, तेही सांगायची. माझ्या खोलीतून मला ती कुजबुज ऐकू यायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा, कारण रोज आवाज निराळा असायचा. एक दिवस तो आवाज सिंधूबाईचा होता. ती पुढे सिव्हिलला गेली एवढं मला माहीत आहे. काय निघालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली. माहेरवाशिणींचे झोके उतरले. यांची बदली जळगाव डेपोला झाली आणि आमची बांधाबांध सुरू झाली. मनातून मी सुटल्यासारखी झाले होते. अक्का तेव्हा खाटेला लागली होती. उठून बसायचं तरी कमल आणि मी दोघी लागायचो. हो, मीही. कधीपासून हात लावायला लागले ते मला आठवत नाही.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी तिनं कमलला घरोघर पाठवलं. निरोप एकच: सुपडाअक्कानं आंघोळीला बोलावलंय. बायका दचकल्या. अक्का गेली असंच वाटलं त्यांना. आल्या तर अक्का खाटेवर टेकून बसलेली.

म्हणाली, "मन्ही आंघोळ जित्तेपनीच करी टाका. मेल्यावर तुम्ही भेशात, दार लाई लेशात. मी वळखस तुमले. आते मी स्वतः सांगसू, कोठे धरानं, कसं धरानं. हातले जखम व्हई तर थैली बांधा हातवर, नही तर काही व्हत नही. एकदाव हात लाई देखा. मंग त्या दिनले तुमले नवं वाटाव नही. नि मन्हा मांगे कमल शे, आखो कोन कोन शे. त्यासले बी."

बायका दारातच थबकल्या. काही मागे सरल्या, काही आपापल्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. एकीनं पोराला आत ओढून घेतलं. मला वाटलं, संपलं. कमल तर रडायलाच लागली.

तेवढ्यात गर्दीतून सिंधूबाई पुढे आली. तिच्या हातात पाण्याची बादली होती. ती कोणाकडे पाहत नव्हती. पाट मांडला, अक्काला आम्ही धरून त्यावर बसवलं. लुगड्याचा पडदा कोणी धरायचा यावर बोलणं झालंच नाही, एक टोक मी धरलं, आणि दुसरं टोक कोणी धरलं हे पाहायलाही मला धीर झाला नाही. या वेळी मी आभाळाकडे पाहिलं नाही.

सिंधूबाईनं पहिला तांब्या ओतला, पण हात काही पुढे होईना. तो अक्काच्या पाठीपासून चार बोटं अंतरावर थांबला. अक्कानं मागे न वळता आपला हात खांद्यावरून नेला, तिचा हात चाचपून धरला आणि आपल्या पाठीवर ठेवला. पाठीच्या मणक्यांवर. मग सिंधूबाई घासायला लागली. आधी भीत भीत, मग जोरात, मग भांडं घासावं तशी. अक्का म्हणाली, "हळू वं, आखो कातडी शे मन्ही," आणि पडद्याबाहेरची कोणी तरी फस्सकन हसली. आणखी एक बाई आत आली. मग आणखी एक.

ती पावसाळ्यात गेली. मी जळगावला होते, यांच्या धुळ्याच्या वर्कशॉपातल्या एकाकडून कळलं. सिंधूबाईनं कोणाची वाट पाहिली नाही, पाणी तापवलं आणि पदर खोचला, बायकांनी पडदा धरला, असं त्यानं सांगितलं. ऐकून मी मोरीत जाऊन रडले. कमलच्या वेळी काय झालं ते मला कळलं नाही, माहीत करून घ्यायचं धाडस मी केलं नाही. भित्री ती भित्रीच.

मी शेवटची पाहिली ती सुपडाअक्का त्या आंघोळीच्या दुपारचीच. अंग पुसून झालं होतं. सिंधूबाईनं घरून स्वतःचं धुतलेलं पोलकं आणलं होतं, ते चढवायचं होतं. अक्का पाटावर बसल्या बसल्या डोळे मिटून पेंगत होती. मयताचे हात आपणच उचलून बाहीत घालायचे असतात, ते काम सगळ्यांत जड, असं ती नेहमी सांगायची. सिंधूबाईनं तिचा दंड धरला, पण तो तिला उचलेना. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज फुटत होता, तशीच ती ओरडली, "हात वर कर ना वं! जित्ती शेस ना आखो?"

सुपडाअक्कानं डोळे उघडले, आणि आई फ्रॉक घालताना लहान मुलगी करते तसे दोन्ही हात वर केले.